२७ औषधांची यादी आणि न दिसणारी पत्रं



कपाशीवर कोणतं औषध मारायचं हे आपणच ठरवतो असं आपल्याला वाटतं. फार तर कृषी सेवा केंद्रवाला ठरवतो. पण त्याच्या फळीवर कोणती बाटली येईल, तिच्या लेबलवर कोणत्या पिकाची शिफारस असेल, औषध बोगस निघालं तर कंपनीला शिक्षा किती, हे सगळं त्याच्याही आधी कायद्यात, नियमांत आणि राजपत्रात ठरलेलं असतं. ते ठरत असताना कोण कोणाला भेटलं आणि काय सांगून आलं, हे मात्र आपल्याला कळत नाही. आजची पोस्ट त्यावर आहे. लांब आहे, निवांत वाचा.

याला लॉबिंग म्हणतात. आपल्याकडं ‘लॉबी’ हा शब्द शिवीसारखा वापरतात. साखर लॉबी, बियाणे लॉबी, व्यापारी लॉबी. मूळ अर्थ साधा आहे. लॉबी म्हणजे सभागृहाबाहेरची मोकळी जागा. तिथं लोकप्रतिनिधीला गाठायचं आणि आपलं म्हणणं त्याच्या कानावर घालायचं. या अर्थानं कांद्याची निर्यातबंदी उठवा म्हणून खासदाराला निवेदन देणारा शेतकरीही लॉबिंगच करतो. शेतकरी संघटनेचा मोर्चा, दूध उत्पादकांचं शिष्टमंडळ हेही तेच. त्यात गैर काही नाही. ज्याच्या धुऱ्यापर्यंत कायदा येणार आहे त्याचं न ऐकता कायदा करणं, हे खरं गैर.

माझं म्हणणं एवढंच आहे. बोला, पण उघड बोला. कोण बोललं, कोणाच्या वतीनं, कोणाशी, कोणत्या कलमाबद्दल आणि त्यावर किती पैसा खर्च केला, याची नोंद सगळ्यांना वाचता आली पाहिजे. अशी नोंद सक्तीची करणारा कायदा आपल्या देशात नाही.

कीटकनाशकांचा कायदा आला कसा

१९५८ साली केरळ आणि तेव्हाच्या मद्रास राज्यात शंभरावर माणसं विषबाधेनं गेली. पॅराथिऑन हे कीटकनाशक वाहतुकीत खाण्याच्या मालात मिसळलं होतं. न्यायमूर्ती जे. सी. शहा यांच्या आयोगानं चौकशी केली. त्यानंतर दहा वर्षांनी, १९६८ साली, कीटकनाशक कायदा झाला आणि तो लागू व्हायला १९७१ उजाडलं. आज आपण जे ‘लेबल क्लेम’, ‘नोंदणी समिती’, ‘परवाना’ हे शब्द वापरतो ते सगळे या कायद्याची पोरं आहेत.

तो कायदा बदलायला हवा हे सगळ्यांना मान्य आहे. २००८ साली राज्यसभेत कीटकनाशक व्यवस्थापन विधेयक आलं. त्याचा कायदा झाला नाही. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर गेले. मार्च २०२० मध्ये पुन्हा नवं विधेयक राज्यसभेत मांडलं. ते संसदेच्या स्थायी समितीकडं गेलं, समितीनं डिसेंबर २०२१ मध्ये अहवाल दिला. त्याचाही कायदा झाला नाही.

शिक्षेचंच बघा. जुन्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १० ते ५० हजार रुपये दंड. २०२० च्या विधेयकात विनापरवाना औषध बनवलं किंवा विकलं तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ४० लाखांपर्यंत दंड. ५० हजार आणि ४० लाख यांत जो फरक आहे, तो बोगस माल विकणाऱ्याला नक्कीच कळतो.

मग हे विधेयक अडतं कुठं? एकाच कंपनीनं अडवलं असं म्हणणं सोपं आहे, पण ते खरं ठरणार नाही. औषध कंपन्यांतच दोन गट आहेत. एका बाजूला क्रॉपलाइफ इंडिया, तिथं प्रामुख्यानं संशोधन करणाऱ्या मोठ्या आणि बहुराष्ट्रीय कंपन्या. दुसऱ्या बाजूला क्रॉप केअर फेडरेशन ऑफ इंडियासारख्या देशी उत्पादकांच्या संघटना. भांडण प्रयोगांच्या माहितीवर आहे. नवं औषध नोंदवताना कंपनी चाचण्यांची माहिती सरकारला देते. आजच्या कायद्याच्या कलम ९(४) प्रमाणे एकदा औषध नोंदलं गेलं की दुसरा उत्पादकही त्याच अटींवर त्याची नोंदणी मागू शकतो. पहिला गट म्हणतो, आमच्या माहितीला काही वर्षं संरक्षण द्या, नाहीतर नवीन औषधं या देशात आणणार कोण? दुसरा गट म्हणतो, संरक्षण दिलं की तेवढी वर्षं एकाचीच मक्तेदारी, आणि शेतकऱ्याला औषध महाग.

दोघांच्या म्हणण्यात तथ्य आहे. नवीन औषध उशिरा आलं तर गुलाबी बोंडअळीनं आपलंच नुकसान. मक्तेदारी झाली तर आपल्याच खिशाला चटका. गंमत अशी की दोन्ही बाजू शेतकऱ्याचं नाव पुढं करून बोलतात. शेतकरी मात्र त्या खोलीत क्वचित असतो. फवारणी करणारा मजूर तर नसतोच. रोजानं पाठीवर पंप घेणाऱ्या माणसाची दिल्लीत संघटना नाही, वकील नाही, इंग्रजीत पत्र लिहून देणारा माणूस नाही. त्याचं हित कलमात यायचं असेल तर दुसऱ्या कोणाला तरी ते आठवावं लागतं.

आता त्या २७ औषधांकडं येऊ

२०१३ मध्ये केंद्र सरकारनं डॉ. अनुपम वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. इतर देशांत बंदी किंवा निर्बंध असलेली, पण आपल्याकडं चालू असलेली ६६ औषधं तपासायची होती. २०१५ मध्ये अहवाल आला. २०१८ मध्ये १८ औषधांवर बंदीचा आदेश निघाला, त्यातली काही लगेच आणि काही २०२० अखेर बंद करायची होती. उरलेल्यांपैकी २७ औषधांबाबत आणखी अभ्यास, आणखी माहिती मागवली होती.

१४ मे २०२० रोजी या २७ औषधांवर बंदीचा मसुदा निघाला. यादी वाचली तर आपल्या शेडमधलं अर्धं कपाट त्यात होतं. मोनोक्रोटोफॉस, ॲसिफेट, क्लोरपायरीफॉस, क्विनॉलफॉस, डायमेथोएट, मॅन्कोझेब, कार्बेन्डाझिम, थायरम, ॲट्राझीन, पेंडीमिथॅलीन, २,४-डी. हरकती घ्यायला ४५ दिवस होते, ते पुढं ९० झाले. मग तपासायला नवी समिती बसली. फेब्रुवारी २०२३ मध्ये नवा मसुदा आला. त्यात पूर्ण बंदी फक्त तीन औषधांवर होती: डायकोफॉल, डिनोकॅप आणि मेथोमिल. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही सरकारला विचारलं, २७ पैकी तीनच का? सप्टेंबर २०२३ च्या अंतिम आदेशात मोनोक्रोटोफॉस ३६ टक्के एसएल मुदत देऊन बंद करायचं ठरलं आणि काही औषधांची काही पिकांवरची शिफारस काढली.

२७ चे चार झाले. आता यात लबाडी झाली असं मी म्हणतोय का? नाही. उद्योगाचे मुद्दे ऐका. ही औषधं जुनी आहेत, पेटंट संपलेली आहेत, म्हणून स्वस्त आहेत. त्यांच्या जागी येणारी नवी औषधं कितीतरी महाग पडतात. निर्यात आहे, कारखान्यांत रोजगार आहे. मॅन्कोझेब उद्या बंद झालं तर द्राक्षवाला आणि बटाटावाला काय करेल, हा प्रश्न खोटा नाही. मीही त्यातली अनेक औषधं वापरतो. कदाचित समितीसमोर चांगली माहिती आली असेल आणि म्हणून काही औषधं वाचली असतील.

माझा आक्षेप ‘कदाचित’ला आहे. त्या ९० दिवसांत कोणी काय लिहिलं? कोणत्या औषधासाठी कोणता नवा अभ्यास दिला? तो अभ्यास कोणाच्या पैशानं झाला होता? कोणत्या अधिकाऱ्याला कोण किती वेळा भेटलं? हे सगळं एका ठिकाणी उघड मांडलेलं असतं, तर माझ्यासारखा माणूस, एखादा कृषी पदवीधर, एखादा विद्यापीठातला कीटकशास्त्रज्ञ ते वाचून म्हणाला असता की हो, हे औषध ठेवायला हरकत नाही, किंवा हा अभ्यास पुरेसा नाही. आज आपल्याला फक्त सुरुवातीची यादी आणि शेवटची यादी दिसते. मधला सगळा व्यवहार झाकलेला.

मोनोक्रोटोफॉसचं उदाहरण मनातून जात नाही. २००५ मध्ये भाजीपाल्यावर त्याला बंदी आली. २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेच्या जेवणातून विषबाधा होऊन २३ मुलं गेली, तेव्हा तपासणीत हेच औषध सापडलं. त्यानंतर अंतिम बंदीचा आदेश यायला दहा वर्षं लागली. या दहा वर्षांत त्याच्या बाजूनं कोण बोलत होतं, हे जाणून घ्यायचा हक्क त्या आईबापांना नाही का?

कायदा वळतो कुठं

आपल्याला वाटतं, लॉबिंग म्हणजे पाकीट. पाकीट ही लाचलुचपत झाली, त्याला वेगळा कायदा आहे. डिसेंबर २००५ मध्ये पैसे घेऊन प्रश्न विचारल्याबद्दल ११ खासदारांना संसदेतून काढलं होतं. तो सरळ गुन्हा. लॉबिंग बहुतेक वेळा कायद्याच्या चौकटीतच चालतं आणि फार बारीक जागी चालतं.

पहिली जागा व्याख्येची. ‘नुकसानभरपाई द्यावी’ आणि ‘देता येईल’ यांत एका शब्दाचा फरक, पण पहिल्यात आपला हक्क आणि दुसऱ्यात साहेबांची मर्जी.

दुसरी जागा ‘नियमांनी ठरवल्याप्रमाणे’ या वाक्याची. कायद्यावर सभागृहात चर्चा होते. नियमांवर क्वचितच होते. अवघड गोष्ट नियमांवर ढकलली की ती पत्रकारांच्याही नजरेतून सुटते.

तिसरी जागा तारखेची. हरकतींची मुदत वाढवा, जुना साठा संपेपर्यंत विक्री चालू द्या, अंमल एक हंगाम पुढं ढकला. एक हंगाम म्हणजे किती माल, हे दुकानदाराला विचारा.

चौथी जागा माहितीची. मंत्रालयातला अधिकारी आज शेती खात्यात, उद्या दुसऱ्या खात्यात. त्याला रेणूची आणि अवशेषांची माहिती हवी असते. ती तयार करून, तक्ते काढून, वेळेवर कोण देतं? ज्याच्याकडं पगारी माणसं आहेत तो देतो. यात अधिकाऱ्याचा दोष थोडा आणि आपल्या गैरहजेरीचा जास्त. कृषी शास्त्राचे लोक हे पान वाचतात म्हणून त्यांना सांगतो, तुमचे प्रयोग कंपनीच्या निधीतून झाले असतील तर त्यात लाज नाही, पण निष्कर्षाच्या शेजारी तेवढ्याच ठळक अक्षरांत निधी देणाऱ्याचं नाव छापा.

दार उघडं असलं की काय होतं

सगळंच वाईट चाललंय असंही नाही. वनस्पती वाणांचं संरक्षण आणि शेतकऱ्यांचे हक्क, हा २००१ चा कायदा घ्या. जागतिक व्यापार करारामुळं वाणांवर पैदासकाराला हक्क देणं भाग होतं. बियाणे उद्योगाला तो हक्क मजबूत हवा होता. डॉ. एम. एस. स्वामीनाथन यांची संस्था, डॉ. सुमन सहाय यांची जीन कॅम्पेन आणि इतर अनेक जण शेतकऱ्याच्या हक्कासाठी भांडत होते. १९९९ साली विधेयक आलं आणि ते संसदेच्या संयुक्त समितीकडं गेलं. समितीनं दोन्हीकडच्या लोकांना बोलावून ऐकलं. त्यानंतर शेतकऱ्यांच्या हक्कांचं स्वतंत्र प्रकरणच कायद्यात आलं.

त्यातलं कलम ३९(१)(चार) प्रत्येकानं वाचावं. संरक्षित वाणाचंही बियाणं शेतकरी ठेवू शकतो, पेरू शकतो, पुन्हा पेरू शकतो, देवाणघेवाण करू शकतो, विकू शकतो. फक्त ब्रँडचं नाव छापून विकता येणार नाही. त्या एका वाक्यात दोन्ही बाजूंचे हात दिसतात. ‘बियाण्यासह’ हा शब्द आपल्या बाजूचा, ‘ब्रँडेड नको’ हा उद्योगाच्या बाजूचा. पुढं ३९(२) मध्ये वाणानं सांगितल्याप्रमाणे उत्पादन दिलं नाही तर भरपाई मागायची सोयही आहे.

या शब्दांचं मोल २०१९ मध्ये कळलं. पेप्सिको कंपनीनं चिप्सच्या बटाट्याच्या एफएल २०२७ वाणावरून गुजरातमधल्या शेतकऱ्यांवर दावे लावले. साबरकांठा जिल्ह्यातल्या चौघांकडून प्रत्येकी एक कोटी पाच लाख रुपये मागितले होते. देशभर ओरड झाली, हेच कलम पुढं आलं आणि कंपनीनं मे २०१९ मध्ये दावे मागं घेतले. त्या वाणाच्या नोंदणीचा वाद नंतर प्राधिकरण आणि दिल्ली उच्च न्यायालयात बरीच वर्षं चालला, तो भाग वेगळा. त्या चार शेतकऱ्यांच्या पाठीशी कायद्यातलं एक वाक्य उभं होतं, आणि ते तिथं होतं कारण २००१ च्या आधी कोणीतरी समितीसमोर जाऊन भांडलं होतं. तेही लॉबिंगच होतं.

याच्या उलट २०२० चे तीन शेती कायदे. ते चांगले होते की वाईट यावर आपल्यात दोन तट आहेत, आणि या पानावरही होते. पण जूनमध्ये अध्यादेश, सप्टेंबरमध्ये मंजुरी, आणि मध्ये संसदेच्या समितीकडं पाठवणं नाही, हे दोन्ही तटांना मान्य करावं लागेल. जे म्हणणं समितीच्या टेबलावर यायचं ते वर्षभर रस्त्यावर आलं. सर्वोच्च न्यायालयानं नेमलेल्या समितीनं मार्च २०२१ मध्ये अहवाल दिला, तोही बंद लिफाफ्यात राहिला. कायदे मागं घेतल्यानंतर, मार्च २०२२ मध्ये, समितीतले आपल्या महाराष्ट्राचे अनिल घनवट यांनी तो स्वतःच जाहीर केला. वेळेवर उघड झाला असता तर निदान चर्चा तरी कागदावर झाली असती.

लॉबी सभागृहातच बसलेली असेल तर

महाराष्ट्रात हा प्रश्न आणखी अवघड आहे. केंद्राचा १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो, ऊस घातल्यावर १४ दिवसांत पैसे द्या. २०२२ मध्ये राज्य सरकारनं एफआरपी दोन हप्त्यांत द्यायची मुभा कारखान्यांना दिली. राजू शेट्टी न्यायालयात गेले आणि मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तो निर्णय रद्द केला. आपल्याकडं कितीतरी आमदार-मंत्री स्वतः कारखाना चालवतात किंवा त्यांच्या घरातलं कोणी चालवतं. इथं लॉबीला दार ठोठवावं लागत नाही, ती आत बसलेली असते. लॉबिंगची नोंदवही हे पकडणार नाही. त्यासाठी प्रतिनिधीनं मत देण्याआधी आपला हितसंबंध सांगितला पाहिजे. राज्यसभेत सदस्यांच्या हितसंबंधांची नोंदवही आहे. विधानसभेतही ती असावी आणि गावातल्या माणसाला मोबाइलवर बघता यावी.

बाहेर काय करतात

अमेरिकेत १९४६ साली पहिला देशपातळीवरचा कायदा झाला, त्यात पळवाटा होत्या. १९९५ मध्ये नवा आला, आणि एका बड्या लॉबीवाल्याच्या भानगडीनंतर २००७ मध्ये तो कडक केला. तिथं पगारी लॉबिंग करणाऱ्याला नाव नोंदवावं लागतं. दर तीन महिन्यांनी सांगावं लागतं: अशील कोण, विषय कोणता, विधेयक कोणतं, कोणत्या सभागृहाशी किंवा खात्याशी बोललात, पैसे किती. कॅनडात पद सोडल्यावर मंत्री आणि बडे अधिकारी पाच वर्षं लॉबिंग करू शकत नाहीत. युरोपीय संघात नोंदवही आहे, आणि तिथले आयुक्त कोणत्या लॉबीवाल्याला भेटले ते २०१४ पासून जाहीर करतात.

यामुळं तिथं रामराज्य आलं का? नाही. आपल्या यादीतल्या क्लोरपायरीफॉसचंच घ्या. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनं २०१५ मध्ये अन्नपिकांवरचा त्याचा वापर थांबवायचा प्रस्ताव आणला. २०१७ मध्ये नव्या प्रशासनात तीच संस्था फिरली. २०२१ मध्ये न्यायालयाच्या आदेशानंतर वापर थांबवला, २०२३ मध्ये दुसऱ्या न्यायालयानं तो निर्णय रद्द केला. पण हे औषध बनवणाऱ्या डाऊ कंपनीनं २०१७ च्या शपथविधी समारंभाला दहा लाख डॉलर दिले होते, हे सरकारी नोंदीतूनच लोकांना कळलं. त्यावरून निर्णय विकत घेतला असं सिद्ध होत नाही. पण प्रश्न विचारायला हातात कागद होता.

आणि आपलं बघा. डिसेंबर २०१२ मध्ये किरकोळ व्यापारातल्या परकीय गुंतवणुकीवरून संसदेत गदारोळ झाला, कारण वॉलमार्टनं २००८ पासून लॉबिंगवर सुमारे अडीच कोटी डॉलर खर्च केले होते आणि त्या विषयांत भारताची बाजारपेठही होती. हे उघड कसं झालं? अमेरिकेच्या कायद्यानुसार त्यांनी तिथं दिलेल्या विवरणातून! म्हणजे आपल्या बाजारासाठी चाललेल्या लॉबिंगची खबर आपल्या खासदारांना परदेशातल्या नोंदवहीतून मिळाली. पुढं २०१३ मध्ये खासदार कालिकेश सिंह देव यांनी लॉबिंग उघड करण्याचं खासगी विधेयक आणलं होतं. त्याचा कायदा झाला नाही.

निवडणूक रोखे सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२४ मध्ये रद्द केले त्याच्या मुळाशीही हाच विचार आहे. पैसा कोणी दिला हे मतदाराला कळलं पाहिजे. पैशाला जे लागू, ते भेटीगाठींना का नाही?

तर मागायचं काय

एक, मसुद्यावर आलेली प्रत्येक हरकत नावासकट संकेतस्थळावर टाका. २०१४ च्या केंद्राच्या धोरणात मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवायचा आणि आलेल्या सूचनांचा सारांश जाहीर करायचा असं आहे. पण ते धोरण आहे, कायदा नाही, म्हणून सोईनं पाळतात. दोन, पगारी लॉबिंग करणाऱ्यांची नोंदवही. तीन, तज्ज्ञ समितीत बसणाऱ्यानं गेल्या काही वर्षांत कोणाचे पैसे घेतले ते आधी लिहून द्यावं. यात शेतकरी संघटना आणि आमच्यासारखी पानंही आली. या पानावर मी कोणत्याही कंपनीचे पैसे घेत नाही. पण तुम्ही माझ्या शब्दावर विश्वास ठेवण्यापेक्षा तशी नोंद असणं बरं.

कोणी म्हणेल, नोंदणीची सक्ती आली की उद्या गावातल्या शेतकऱ्यालाही निवेदन द्यायला फॉर्म भरावा लागेल. ही भीती रास्त आहे. म्हणून सक्ती पगारी माणसाला आणि ठरावीक रकमेच्या वरच्या खर्चाला असावी. स्वतःच्या शेताबद्दल स्वतःच्या प्रतिनिधीशी बोलणाऱ्याला कोणतीही नोंदणी नको.

तोवर आपल्या हातात काय? बियाण्याचा, कीटकनाशकांचा, पाण्याचा मसुदा आला की ३० दिवस गप्प बसू नका. ‘निषेध’ एवढंच लिहिलेलं पत्र कोणी वाचत नाही. कलमाचा नंबर लिहा, त्यातला कोणता शब्द नको आणि त्याजागी कोणता हवा ते लिहा. मग आपला अनुभव: पीक, एकर, औषध, डोस, खर्च, काय झालं. मराठीत लिहिलं तरी चालेल. उत्पादक कंपनीच्या किंवा ग्रामसभेच्या ठरावाला जोडा, खासदाराला प्रत द्या. ग्रुपवर कोणी तयार मजकूर टाकला तर पुढं ढकलण्याआधी विचारा, हा लिहिला कोणी? आणि निर्णय झाल्यावर माहिती अधिकारात मागा की कोणाकोणाच्या हरकती आल्या. माहिती अधिकार कायद्याचं कलम ४(१)(ग) सांगतं, महत्त्वाची धोरणं ठरवताना संबंधित माहिती सरकारनं स्वतःहून जाहीर करायची. ते कलम अर्जात लिहा.

कंपनीनं आपलं म्हणणं मांडू नये असं मी कधीच म्हणणार नाही. तिनं मांडावं, आपणही मांडावं, आणि दोघांचे कागद एकाच फळीवर, सगळ्यांना दिसतील असे असावेत. औषधाच्या बाटलीवर घटक किती टक्के आहेत ते छापणं आपण सक्तीचं केलं. कायद्यात कोणाचं म्हणणं किती टक्के आहे, तेही छापलेलं असू द्या.

कोणी या आधी मसुद्यावर हरकत पाठवली असेल तर खाली लिहा: काय लिहिलं होतं आणि उत्तर आलं का. नमुना हवा असेल तर मी एक साधं पत्र तयार करून टाकतो.